एकोणचाळीस कुंड्या

“हवा नाय बाय तुझ्या घरात,” असं आई पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी पोळ्या लाटत होते आणि घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. चिखलोलीत चौथ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. स्टेशन होणार, होणार म्हणून घेतलेला. समोर अजून दुसरी बिल्डिंग उभी राहिलेली नाही, त्यामुळे भिंतीवरचं कॅलेंडर दिवसभर फडफडत असतं आणि एका स्वयंपाकात गॅस दोनदा विझतो.

मी म्हटलं, “आई, मग हे काय आहे? पीठ उडतंय बघ परातीतलं.”

“वारा हाय,” ती म्हणाली. “हवा नाय.”

एवढं बोलून ती लगबगीने उठली आणि आतल्या खोलीत जाऊन बसली, कारण दाराची बेल वाजली होती आणि माझा नवरा कामावरून आला होता.

आईला मी आणली ती तिच्या मनाविरुद्ध, हे आधीच सांगून टाकते. बारवी धरणाच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी आमची वाडी. तीसेक घरं, खाली भातखाचरं, वर जंगल. वडील गेल्यापासून आई तिथे एकटी राहत होती. मला भाऊ नाही, बहीण नाही. जन्मभर चुलीपुढे बसून तिची छाती धुराने कामातून गेलेली. बदलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी केव्हाच सांगितलं होतं की चूल बंद करा. आईने चूल बंद केली, म्हणजे मला फोनवर तसं सांगितलं. मग एकदा भरदुपारी तिला अशी धाप लागली की शेजाऱ्याने तिला मोटरसायकलवर मध्ये बसवलं, पडू नये म्हणून मागे आपल्या बायकोला बसवलं आणि तसंच बदलापूर गाठलं. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, “अर्धा तास उशीर झाला असता तर आज आपण वेगळंच बोलत असतो.”

त्यानंतर मी आईला काही विचारलंच नाही. वाडीच्या घराला कुलूप घातलं, तिची एक पिशवी भरली आणि तिला घेऊन आले. ती परत गेली तर पुढच्या वेळी शेजारी घरी असेलच असं नाही, हे मला दिसत होतं. मला आई हवी होती, जिवंत हवी होती आणि डोळ्यांसमोर हवी होती. आणि आई तिसऱ्या दिवसापासून विचारायला लागली, “कधी सोडतेस मना?”

का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. हवा नाही.

आता मी पडले शास्त्रवाली. अंबरनाथला एका कारखान्याच्या लॅबमध्ये मी पंचवीस वर्षं काम करते आहे. आई हवा नाही म्हणते तर हवेत काहीतरी असलंच पाहिजे, असं माझ्या डोक्याने घेतलं. आणि कारण शोधायला लांब जायला नको होतं. घर नवं. प्लायवूड नवं, त्यावरचा सनमायका नवा, तो चिकटवायचा गोंद नवा, भिंतींचा रंग नवा. या सगळ्यांतून कितीतरी दिवस वायू सुटत राहतात, हे मला नोकरीमुळे माहीत. कपाट उघडलं की माझेच डोळे चुरचुरायचे. मी मनात म्हटलं, बिचारी बरोबर सांगतेय.

नेमका त्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. घरात अमुक झाडं ठेवा, ती विषारी वायू शोषून घेतात, घराची हवा डोंगरावरच्यासारखी होते. खाली झाडांची यादी आणि हात जोडल्याची चित्रं. लॅबमध्ये कुणी तपासल्याशिवाय आकडा लिहिला तर मी त्याला उभा-आडवा झाडते. त्या व्हिडिओला मात्र मी एकही प्रश्न विचारला नाही. डोंगरावरच्यासारखी हवा, एवढंच मी वाचलं.

शिवमंदिराच्या वाटेवर सोमवारी बेलाची पानं आणि रोपं घेऊन एक बाई बसते. तिच्याकडून मी पहिल्या तीन कुंड्या घेतल्या. उंच हिरव्या पात्यांचं एक स्नेक प्लांट, एक स्पायडर प्लांट आणि एक पांढऱ्या फुलाची लिली. “हवा साफ होते का हो नक्की?” मी विचारलं. “साफ? अरे ताई, ये ऑक्सिजनचा सिलेंडर समजा तुम्ही,” ती म्हणाली. मला तेच ऐकायचं होतं.

आईने स्नेक प्लांटभोवती फिरून पाहिलं. “ह्याला फूल येतं?”

“क्वचित.”

“फळ?”

“नाही.”

“भाजी व्हते पानांची?”

“नाही गं, हे हवा शुद्ध करतं.”

“आन त्यासाठी पानी पितं,” असं म्हणून तिने पाठ फिरवली. वाडीत तिच्या अंगणात शेवगा होता, पपई होती, कुडावर दोडका चढलेला. न पिकणारं झाड कुंडीत घालून, रिक्षात बसवून चौथ्या मजल्यावर आणणारी लेक आपणच जन्माला घातली, याचं तिला मनापासून आश्चर्य वाटलं असणार.

नवऱ्याचंही सांगायला हवं. आमच्याकडे जावई सासूला मामी म्हणतो. माझा नवराही मामीच म्हणतो, आणि मामीपुढे तो जसा वागतो तसा तो दुसऱ्या कुणापुढे वागलेला मी पाहिला नाही. कॅम्प चारच्या सिंधी वस्तीत जीन्स शिवणाऱ्यांच्या शिलाई मशिनी दुरुस्त करत फिरणारा हा माणूस. दिवसभर सिंधी शेठ लोकांशी घसा फोडून बोलतो, अडलेल्या मशीनला शिव्या घालतो, घरी आला की बनियनवर पंख्याखाली आडवा होतो. आई आल्यापासून तो घरात फुल पँट घालून, पाठ ताठ करून बसायला लागला. टीव्हीचा आवाज इतका बारीक की बातम्या ओठांवरून ओळखाव्या लागायच्या. आई त्याच्यापुढे डोक्यावरून पदर घ्यायची आणि दाराच्या आडून बोलायची, तेही माझ्यामार्फत. “त्यांना इचार, भाजी तिखट झाली का.” तो समोर चार हातांवर बसलेला. तो मला म्हणायचा, “मामींना सांग, मस्त झालीय.” आणि मी मधल्यामध्ये पोस्टमन.

तो जेवल्याशिवाय आई जेवायची नाही. काम अडलं की त्याला यायला उशीर होतो. ही तशीच बसून राहायची. मी चिडायचे. “जावयाच्या आदी ताट घेऊ? लोकं काय म्हनतील?” “कुठले लोक? चौथ्या मजल्यावर?” मला, खरं सांगायचं तर, याची गंमतच वाटायची. दोघं सरळ माणसं, एकमेकांचा मान ठेवतात, भांड्याला भांडं लागत नाही, याहून काय हवं? लॅबमधल्या मैत्रिणींना मी हे कौतुकाने सांगायचे.

झाडांच्या बाबतीत नवरा लगेच माझ्या पक्षात आला. मामींना बरं वाटणार असेल तर तो जंगल आणायला तयार होता. कॅम्प चारमधल्या एका दुकानात काउंटरवरून छतापर्यंत गेलेलं मनीप्लांट होतं, तो त्याची फांदी मागायला गेला. त्या शेठची बायको म्हणाली, मनीप्लांट मागून नेलं तर जगत नाही, ते चोरूनच न्यावं लागतं. आता माझा नवरा असा की गिऱ्हाइकाचा एक स्क्रू चुकून खिशात आला तर दुसऱ्या दिवशी परत नेऊन देतो. तो तीन दिवस त्या दुकानात गेला आणि हात हलवत परत आला. शेवटी त्या बाईंनीच फांदी तोडून काउंटरवर ठेवली, पाठ फिरवली आणि म्हणाल्या, “साईं, मैं देख नहीं रही, जल्दी चुरा लो.” फांदी शर्टाच्या खिशात घालून हा चोर घरी आला तो कानापर्यंत लाल होऊन. मी आईला ही हकिकत सांगितली तेव्हा ती पदराआड हसली. आमच्या घरात आल्यावर ती पहिल्यांदा तेव्हा हसली, म्हणून मला ते मनीप्लांट अजून प्रिय आहे, जरी ते आता राहिलेलं नाही.

आईचा खोकला मात्र कमी होईना. पहिले दोन महिने बरे गेले असं वाटलं आणि मग तो पुन्हा वाढला. कोरडा, दाबलेला, तोंडावर पदर धरून आलेला खोकला. खोकला वाढला की मी कुंडी आणायचे. तिनाच्या नऊ झाल्या, नवाच्या वीस. रबराचं झाड आलं, पाम आले, कोरफड आली. आईच्या पलंगाच्या दोन्ही बाजूंना, कपाटाशेजारी, खिडकीच्या कठड्यावर कुंड्या. तिला खोलीत जाताना आडवं चालावं लागे.

मग मी आणखी एक शहाणपणा केला. आमच्याकडे कधीकधी संध्याकाळी वारा फिरतो आणि कसलातरी उग्र वास येतो. कुठून येतो यावर ग्रुपवर रोज वाद, नक्की कुणालाच माहीत नाही. मी विचार केला, आत एवढी झाडं हवा धुताहेत आणि आपण बाहेरची घाण आत घेतो, हा कुठला न्याय? आईच्या खोलीची खिडकी मी लावून घेतली आणि फटींना चिकटपट्टी मारली. आई नुसती बघत होती. खिडकी बंद झाल्यावर म्हणाली, “आता वाराबी गेला.”

सातव्या महिन्यात तिचा श्वास चालताना वाजायला लागला. मी रजा टाकली आणि तिला बदलापूरला नेलं. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, पाठ तपासली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“घरात ओल आहे का?”

“नाही हो, नवी बिल्डिंग आहे.”

“धूर, धूळ, मांजर वगैरे?”

“काही नाही. उलट हवा शुद्ध व्हावी म्हणून झाडं ठेवलीत.”

“छान. किती?”

“एकोणचाळीस.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “या झोपतात त्या खोलीत?”

“तिथे सतरा.”

“आणि खिडकी?”

“बंद असते. बाहेरची हवा येऊ नये म्हणून.”

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग मी काय काम करते ते त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. ते मला सांगायला लागलं नसतं तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या की झाडं घरात असावीत, मनाला बरं वाटतं, पण खोलीची हवा साफ करायची तर माणसाला राहायला जागा उरणार नाही इतकी झाडं लागतील. त्यापेक्षा खिडकी उघडली तर पाच मिनिटांत जास्त काम होतं. आणि सतरा ओल्या कुंड्या बंद खोलीत ठेवल्या की ओल धरते, बुरशी येते आणि अशा छातीला बुरशीइतकं वाईट दुसरं काही नाही. आईला ओढायला दिलेला पंप ती उशीखाली ठेवून देत होती, हेही तिथेच उघड झालं. पंपाची सवय लागते असं तिला वाडीतल्या कुणीतरी सांगितलं होतं. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना एकदमच रागावून घेतलं. कुंड्या बाहेर, खिडकी उघडी, पंप रोज सकाळ-संध्याकाळ.

आम्ही परतीच्या रिक्षात बसलो. आपण आपल्या हाताने आईच्या छातीत बुरशी पेरली, हे मला गिळवत नव्हतं. आई मात्र एकदम हलकी झाल्यासारखी बोलली. “झाडं जानार ना? मग मीबी जाते. रईवारी सोड मना वाडीला.”

मी रिक्षातच भडकले. “आई, तुला हवा नाही म्हणून मी हे सगळं केलं! तू म्हणतेस ते ऐकत गेले, घराचं रान केलं, आणि तुझं आपलं एकच, सोड मना! काय आहे काय तुझ्या मनात?”

ती बोलली, पण माझ्याकडे न बघता, बाहेर बघत.

“हवेचं काय नाय, बाय. हवा बरी हाय तुझी.” मग म्हणाली, “जावयाचं घर हाय. मानूस सोन्यावानी हाय, म्हून तं जास्त. तो बिचारा माज्यापायी सोताच्या घरात पावन्यावानी बसतो. मी पाय लांब करू का नको, इचार करते. खोकला आला तं दाबते, त्याला तरास नको. लेकीच्या घरी चार दिस बरं असतं. सात महिनं नाय. हे तुला कसं सांगू? म्हून हवा म्हटलं.”

मला एकाच वेळी रडू आलं आणि तिचा राग आला, आणि सगळ्यात जास्त राग माझा आला. सात महिने मी एका दुखण्यावर औषध आणत होते आणि दुखणं दुसरंच होतं. ते माझ्यासमोर रोज रात्री ताटाशी बसलेलं दिसत होतं आणि मी त्याचं कौतुक करत होते. ती खोकला दाबत होती. माझी आई माझ्या घरात खोकला दाबत होती, हे वाक्य मी नंतर कितीतरी वेळा मनात म्हटलं आहे.

पण यावर करायचं काय? नवऱ्याला सांगितलं असतं तर तो आणखी अदबीने वागला असता, कदाचित घरात बूट घालून बसला असता. म्हणून त्याला मी इतकंच सांगितलं की कुंड्या काढायच्या आहेत आणि आईला रविवारी वाडीला सोडायचंय. तो म्हणाला, “मामींची मर्जी.” त्या क्षणी मला त्याला लाटणं फेकून मारावंसं वाटलं.

रविवार आला. आईची पिशवी भरून पलंगावर ठेवलेली. जाण्याआधी कुंड्या हलवायच्या म्हणून आम्ही तिच्या खोलीत शिरलो. बऱ्याचशा गच्चीवर न्यायच्या होत्या. निम्म्या हलवल्यावर नवऱ्याने कपाट पुढे ओढलं आणि आम्ही दोघंही मागे सरलो. कपाटाची पाठ काळी-हिरवी झालेली, भिंत कमरेपर्यंत ओली, आणि आंबलेल्या भाताचा वास.

“एवढं पाणी आलं कुठून?” नवरा म्हणाला. “तू किती घालतेस?”

“सकाळी एक-एक पेला. मापाने घालते.” मापाचा मला केवढा अभिमान.

दाराआडून आवाज आला. “दुपारी मी घालते. तांदळाचं धुवन. टाकून कशाला द्यायचं?”

नवरा कान खाजवत म्हणाला, “संध्याकाळी मी घालतो. फिल्टरचं पाणी वाया जातं ना, त्याची नळी लावून.”

म्हणजे तीन वेळा पाणी, आणि तिघांनाही वाटत होतं की झाडांची काळजी आपल्याशिवाय कुणाला नाही. मला हसू येणार होतं. पण नवऱ्याचा चेहरा बघून ते आतच राहिलं. त्याने दाराकडे मान वळवली आणि सात महिन्यांत पहिल्यांदा मला मध्ये न घेता बोलला.

“मामी, धुवण कशातून नेता?”

“बादलीतनं.”

“रोज? सगळ्या घरभर?”

“मग काय निम्म्या झाडांना उपाशी ठेवू?”

आणि तो फुटला. कॅम्प चारला अडलेल्या मशीनवर काढतो तो आवाज त्याने काढला. “डोकं ठिकाणावर आहे का तुमचं, मामी? बेडवरून उठताना धाप लागते तुम्हाला आणि बादल्या उचलता? दुपारी घरात कोण असतं? ही अंबरनाथला, मी कॅम्प चारला! पडला असतात म्हणजे? कोण उचलणार होतं? आम्ही येईपर्यंत काय तशाच पडून राहणार होता? झाडं मरू देत ना तिच्यायला, माणूस महत्त्वाचं की झाड?”

जावयाने सासूवर असा आवाज चढवणं मी ऐकलेलं नव्हतं, वाडीतही नाही. आता होतं नव्हतं ते संपलं, असं वाटलं.

आई दाराआडून बाहेर आली. डोक्यावरचा पदर खांद्यावर पडला होता आणि तिला त्याचं भान नव्हतं.

“मोटा आलाय मना शिकवनारा!” ती म्हणाली. “आन तुमी? सांच्याला नळी लावून पूर आनता तो? जलमभर भात लावलाय मी. कुटं किती पानी लागतं ते मना सांगू नका. ते मनीप्लांट कोनी कुजवलं? तुमी कुजवलंत!”

“मी? ते तुमच्या धुवणाने आंबलं!”

“धुवनानं झाड आंबत नाय, मानसाची अक्कल आंबते!”

मी मध्ये पडायला गेले. “अहो, जरा—” एवढंच म्हटलं, तर दोघंही एकदम माझ्यावर ओरडले, “तू गप बस!”

मी गप बसले. पलंगाच्या कडेला त्या पिशवीशेजारी बसून मी बघत राहिले. तो कुंड्या उचलत होता आणि ती त्याच्या मागे चालत सांगत होती की अशी धरू नका, बुडातून धरा, माती सांडते. तो म्हणत होता, मला माहितीये. ती म्हणत होती, काय माहिती, दिसतंय किती माहिती ते. तो वैतागून शर्ट काढून बनियनवर आला आणि तिने तोंड फिरवलं नाही. मध्येच तिला जोराचा खोकला आला. तिने तो दाबला नाही. भिंतीला हात टेकून ती खोकली, चांगली मोकळी, छातीपासून. त्याने कुंडी खाली ठेवली, उशीखालचा पंप काढला आणि तिच्यापुढे धरला.

“घ्या. माझ्यासमोर घ्या. मला बघू दे.”

तिने त्याच्याकडे रागाने बघत पंप ओढला. “झालं समाधान?”

“संध्याकाळी पुन्हा,” तो म्हणाला.

दुपारी दीडच्या सुमाराला तो अजून भिंत पुसत होता. आई स्वयंपाकघरात आली, पाटावर बसली आणि म्हणाली, “वाढ मना. भूक लागली.” मी वाढलं. ती जेवली. जेवता जेवता त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की नुसत्या फडक्याने बुरशी जात नाही, चुना लागतो. भिंतीपलीकडून तो म्हणाला, “ऐकू आलं!” मी ताकाचं भांडं हातात धरून तिथेच उभी होते. मला भीती वाटत होती की मी काही बोलले तर हे बंद पडेल.

निघायचं का, असं मी विचारलं नाही. तिनेही विषय काढला नाही. चार वाजून गेले, सहा वाजले. सोमवारी सकाळी तिची लुगडी पुन्हा कपाटात होती, नव्याने घासलेल्या फळीवर.

त्या एकोणचाळीस कुंड्यांमधल्या दहाएक आता आमच्या गॅलरीत आहेत. बाकीच्या शेजाऱ्यांनी नेल्या, काही मेल्या. आईने रिकाम्या कुंड्यांत मिरच्या आणि अळू लावलं, म्हणजे निदान काहीतरी पिकतं. झाडांनी आमच्या घरची हवा शुद्ध केली का, असं लॅबमधल्या मैत्रिणी चिडवतात. नाही केली. उघडी खिडकी, कोरडी भिंत आणि पंप यांनी आईचा श्वास सुधारला, हे मी शास्त्रवाली म्हणून मान्य करते. पाणी कुणी घालायचं यावर घरात रोज वाद होतो. आता त्यासाठी मला पोस्टमन व्हावं लागत नाही. टीव्हीचा आवाज मोठा असतो, कारण दोघांनाही एकमेकांवरून ऐकायचं असतं.

काही आठवड्यांनी मी तिला घेऊन वाडीला गेले. घर झाडायचं होतं आणि तिला तिचा पाटा आणि वरवंटा हवा होता. धूळ काढली, कौलं बघितली, पाटा रिक्षात चढवला. तेवढ्यात शेजारीण चहा घेऊन आली. मोटरसायकलवर मागे बसून आईला धरणारी तीच. तिने आईला नीट निरखलं, गाल भरलेत म्हणाली. मग म्हणाली, “आलीस तशी पळतेस? दोन दिस राहा की.”

मी दाराला कुलूप लावत होते. जिचा मुक्काम वाढावा म्हणून मी एवढा खटाटोप केला होता, तिला तिच्या स्वतःच्या दारात, तिच्याच वाडीतल्या माणसाने, राहा म्हटलं होतं. ती राहते म्हणाली असती तर मी तिला नाही म्हणू शकले नसते.

आईने बशीतला चहा संपवला, पदराने तोंड पुसलं आणि रिक्षाकडे चालायला लागली.

“आज नको गो,” ती म्हणाली. “घरी भांडन अर्धं टाकून आलेय.”